घंगाळात भिजलेल्या पाच मोटारी

लढाई संपून वर्ष झालं तेव्हा कुंडलात आमच्या घरी पाच मोटारी होत्या, आणि त्या पाचही मी एका सकाळी घंगाळात भिजत घातल्या.

एवढं मोठं घंगाळ कुठून आलं, असं कुणाच्याही मनात येईल. घंगाळ साधंच होतं, आंघोळीचं. मोटारीच लहान होत्या. सगळ्यांत मोठी लॉरी वीतभर, आणि सगळ्यांत लहान साहेबाची मोटार एखाद्या वांग्याएवढी. माझे धाकटे दीर शंकरभावजी चार वर्षं पलटणीत मोटार हाकायला होते. आफ्रिकेपासून इटलीपर्यंत जी जी गाडी त्यांच्या हाताखालून गेली तिचं माप त्यांनी मनात धरून ठेवलं आणि घरी आल्यावर फुटाला अर्धा इंच या हिशेबानं हुबेहूब बांधली. पांगाऱ्याचं लाकूड, रॉकेलच्या डब्याचा पत्रा, सायकलची फाटकी ट्यूब आणि सरस. सामान एवढंच. पण काय हात होता त्या माणसाचा! साहेबाच्या मोटारीचं दार उघडून लावलं की टक्‌ असा आवाज यायचा. चक्र फिरवलं की पुढची चाकं वळायची. पाण्याच्या गाडीला खरी तोटी होती आणि तिच्यातून खरं पाणी ठिबकायचं. जखमींच्या गाडीत, म्हणजे बाहेरून लाल फुली असलेल्या गाडीत, दोन बोटभर डोल्या होत्या आणि त्यांच्यावर आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचं पांघरूण होतं. (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू.) चौथी ती लॉरी. पाचवी मात्र लढाईतली नव्हती, आपल्याकडची, गावोगाव उतारू नेणारी सर्विस मोटार होती. ती त्यांनी सांगलीच्या स्टँडवर दोन दिवस नुसतं उभं राहून, बघून बघून बांधली होती.

सोप्यातल्या भिंतीला एक लांब फळी मारून त्यांनी या मोटारी ओळीनं मांडल्या होत्या. वर मलमलीचा तुकडा. कुणी बघायला आलं की भावजी स्वतः तो तुकडा उचलायचे आणि म्हणायचे, "बघायचं. हात न्हाई लावायचा." पलूसहून माणसं यायची, ताकारीहून यायची. एकदा एक म्हातारा नुसता बघत बसला आणि उठताना त्यानं फळीपुढं डोकं टेकलं. मला त्याचं हसू आलं नाही. मीही रोज केर काढताना तिथं घटकाभर थांबायची. आपल्या घरात असं काही आहे याचा मला माझ्या मंगळसूत्रापेक्षा जास्त अभिमान होता.

आता माझ्याविषयी. मी मेढ्याची. आमच्या जावळीच्या डोंगरात तेव्हा मोटार दिसली तर गाव तिच्यामागं कोसभर जायचं. मी मराठी सातवी पास होते, त्यामुळं सासरी माझं मत विचारलं जायचं नाही तरी मी द्यायची. दुसरं म्हणजे मला धुण्याचा सोस. दिसेल ते धुवायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी मामंजींची चिलीम रिठ्याच्या पाण्यात धुतली, उंबऱ्याचा रंग जाईपर्यंत उंबरा धुतला, आणि एकदा वाटेवरचं कुत्रं आपलं समजून धुतलं. मामंजी, म्हणजे सासरे, त्या दिवसापासून मी बादली उचलली की उठून मळ्यात जायचे.

तर त्या वर्षी खंडेनवमी आली. भावजींच्या जिवाला त्या दिवसाचा घोर लागला होता. वर्षभर काम शोधून त्यांचे जोडे झिजले होते. मळा एवढासा, त्यात दोन भावांचं भागायचं नाही. तेवढ्यात सांगलीचे एक मोटारमालक, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणायचे, यांनी लष्करानं मोडीत काढलेल्या दोन लॉऱ्या घेतल्याचं कळलं. त्यांच्यावर सर्विस मोटारीच्या बॉड्या बांधायला त्यांना मिस्त्री पाहिजे होता. भावजी जाऊन भेटले. बापूसाहेब म्हणाले, "तुझ्या त्या चिमण्या गाड्यांचं ऐकून हाय मी. खंडेनवमीला चारच्या सुमाराला तुमच्या बाजूला येतो. गाड्या दाव, मग बघू."

घरी येऊन भावजींनी ही बातमी सांगितली आणि पुढं हळूच म्हणाले, "ह्येबी न्हाई जमलं तर पुन्यांदा पलटणीत नाव घालतो."

आत्याबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. म्हणाल्या, "चार वर्सं मी टपालवाल्याच्या तोंडाकडं बघून काढली रं. आता न्हाई माज्यानं व्हायचं."

त्या रात्री कुणाला भाकर गोड लागली नाही. मला भावजींची फार माया होती. मला भाऊ नाही, आणि वहिनीच्या हातचं कोरड्यास कधी न हसता खाणारा दीर सगळ्यांनाच मिळत नाही. मी मनाशी ठरवलं की हे काम भावजींना मिळालंच पाहिजे आणि त्यात माझाही हात लागला पाहिजे. तो लागला.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी अवजारं धुवून पुसून मांडतात. हळदकुंकू लावतात, झेंडूची फुलं वाहतात. सकाळी आत्याबाईंनी सांगितलं, "इंदे, विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगर, समदं धुऊन मांड." भावजी सायकल घेऊन पलूसला गेले होते, पाहुण्यांसाठी चहापूड आणायला. मी विळे धुतले, खुरपी धुतली, नांगर धुतला, बैलगाडीची चाकं धुतली. उत्साह अंगात मावेना. आणि माझं लक्ष फळीकडं गेलं. शेतकऱ्याचा नांगर धुवायचा, मग मोटारवाल्याच्या मोटारी का नाहीत? आज तर त्या खंडोबाच्या पायाशी पहिल्या पाहिजेत! त्यात आज पाहुणे येणार, आणि मोटारींवर चुलीच्या धुराचं थोडं किटण होतं. (नव्हतं. पण मला दिसलं.)

धुराचं किटण गार पाण्यानं जात नाही, हे कळायला सातवी व्हावं लागत नाही. मी चुलीवरचं कढत पाणी घंगाळात ओतलं, त्यात रिठे टाकले आणि पाचही मोटारी हळूच, अगदी बाळंतिणीनं मूल न्हाणीत घ्यावं तशा, आत सोडल्या. म्हटलं भिजू देत जरा, तोवर परसातली झेंडूची फुलं तोडून आणते.

फुलं तोडायला गेले ती शेजारच्या काकूंशी बोलत राहिले. परत आले तर घंगाळावर तीन छपरं तरंगत होती.

मी हात घातला. एक दार हाती आलं. पुन्हा घातला, एक डोली आली. तळाशी चाकांचा खच पडला होता, आणि पाण्याला असा काही चिकट, उग्र वास सुटला होता की मी पदर नाकाला लावला. सरस हा जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात आणि गरम पाण्यात तो मेणासारखा विरघळतो, हे सातवीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

वासामागं आत्याबाई आल्या. "काय गं, कातडं उकळतंय का काय कुठं?"

"आत्याबाई, मोटारी धुतल्या."

"बरं मग?"

"निघाल्या."

"रंग निघाला?"

"न्हाई. मोटारी निघाल्या."

आत्याबाईंनी घंगाळात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्या मला मारतील असं मला वाटलं आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्या मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "गेलं माजं पोर पलटणीत." मग मला जे रडू आलं ते आवरेना. नवऱ्याच्या घरात येऊन मी एक चिलीम खराब केली होती, ती भरून निघाली. हे कसं भरून निघायचं?

रडून झाल्यावर आम्ही अंगणात घोंगडं पसरलं आणि सगळे तुकडे उन्हात वाळत घातले. मामंजी आले, हकिगत ऐकली आणि धोतर खोचून पुढं झाले. "रडताय कशाला? चाळीस वर्सं नांगर जोडतोय मी. त्याच्यात काय एवढं?"

सरस कुठं ठेवलाय ते भावजींनाच ठाऊक. म्हणून मी कणकेची खळ शिजवली. पतंगाला लावतात ना, तीच. आणि आम्ही तिघांनी मोटारी जोडायला घेतल्या. मामंजींचं म्हणणं, कुठल्याही गाडीत पुढं जू पाहिजे, ते एकदा सापडलं की बाकीचं आपोआप कळतं. जू काही सापडेना. आत्याबाई रंग बघून तुकडे जुळवत होत्या, पण लढाईतल्या चारही गाड्यांचा रंग एकच होता. आणि मी हुशार म्हणून आकार बघून जुळवत होते. लाकूड भिजून फुगलं होतं, त्यामुळं ज्याचं त्यात बसत नव्हतं आणि नको त्यात ते चपखल बसत होतं.

"इंदे, ही तोटी कुठं लावू?"

"त्या लाल फुलीच्या गाडीला भोक दिसतंय बघा, तिथं लावा."

"जखमींच्या गाडीला तोटी?"

"तहान लागत असंल की त्यांना."

आत्याबाईंना हे पटलं. तोटी बसली. एक छप्पर उलटं लावल्यावर त्याची होडी झाली, ते पुन्हा सुलटं केलं. आमचे हे दुपारी मळ्यातून जेवायला आले, अंगणात एकदा बघितलं आणि न जेवता मळ्यात परत गेले. (संसारात त्यांनी असा समजूतदारपणा नेहमीच दाखवला.) शेवटी पाच मोटारी उभ्या राहिल्या आणि तीन चाकं उरली. मामंजी म्हणाले, जादाची आसतील, आणि ती खिशात टाकली.

मोटारी मी फळीवर मांडल्या. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, वर मलमल टाकली. लांबून बरं दिसत होतं. भावजी आले की मी त्यांच्या पाया पडून सगळं सांगणार होते, आणि चारपर्यंत ते काहीतरी करतील अशी आशा होती. पण दोनलाच वाटेवर भोंगा वाजला. बापूसाहेब लवकर निघाले होते. वाटेत त्यांना सायकलवर भावजी दिसले म्हणून त्यांनी सायकल मागं बांधून भावजींनाही मोटारीत घेतलं होतं. दोघं हसत हसतच सोप्यात आले. भावजींचा चेहरा असा खुलला होता की मला दाराआड भिंतीत शिरावंसं वाटलं.

"बघायचं, हात न्हाई लावायचा," भावजी कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी मलमल उचलली.

साहेबाची मोटार कुबड काढून बसली होती. तोटीतून खळ ठिबकत होती. आणि मधोमध माझी सगळ्यांत आवडती कामगिरी उभी होती. पुढून सर्विस मोटार, खिडक्या, बाकडी सगळं. आणि मध्यापासून मागं लॉरीचा उघडा हौदा.

बापूसाहेबांनी नेमकी तीच उचलली. "ही कुठली रं?"

भावजींच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. मला काही ते बघवेना. दाराआडून मीच बोलले, "ती इटलीतली हाय."

"इटलीत आसल्या असत्यात?"

"व्हय. तिकडं सर्रास."

बापूसाहेब मान हलवायला लागले होते. खरंच सांगते, निभावलं असतं. पण भावजींनी एकदा दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई सायब. आसली गाडी जगात कुठंच न्हाई. माज्या मोटारी कुणीतरी पाण्यात घातल्या आन्‌ परत जोडल्या. ही चूक हाय."

"कुणी?"

मग मीच पदर पुढं ओढून बाहेर आले आणि म्हणाले, "मी. खंडेनवमीला धुतल्या."

बापूसाहेब माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मिशा हलायला लागल्या, पण हसू त्यांनी दाबलं, एवढी त्यांची सभ्यता. मामंजींनी मुकाट्यानं खिशातली तीन चाकं काढून फळीवर ठेवली.

"मग झालं. मी निघतो," बापूसाहेब म्हणाले.

"दोन घटका बसा सायब," भावजी म्हणाले. आवाज अगदी खाली होता. ती अर्धी-अर्धी गाडी बाजूला ठेवून त्यांनी बाकीच्या मोटारी घोंगड्यावर घेतल्या. माझी खळ अजून ओलीच होती, त्यामुळं नुसत्या हातानं तुकडे सुटले. कोनाड्यातून त्यांनी सरसाची बुडकुली काढून चुलीवर ठेवली. (कोनाड्यात! मी रोज तिथला केर काढायची.) आणि मग जे मी बघितलं ते मला अजून दिसतं. एकेक तुकडा ते उचलायचे, बघायचेसुद्धा नाहीत, अंगठ्यानं चाचपायचे आणि नेमका जागेवर ठेवायचे. तासणीनं फुगलेलं लाकूड केसभर काढायचे. लॉरीखालचे पाटे त्यांनी घड्याळाच्या कमानीचे केले होते, ते एकावर एक बसवून बोटानं दाबून दाखवले, आणि लॉरी खरीच दबून वर आली. तोटी पाण्याच्या गाडीला गेली. पांघरूण पिळून, झटकून जखमींच्या डोलीवर गेलं. ते घालताना मात्र भावजी क्षणभर थांबले. त्या गाडीतून त्यांनी कुणाकुणाला नेलं होतं ते आम्हांला कधी सांगितलं नाही.

बापूसाहेब खुर्चीवरून कधी उतरून घोंगड्यावर बसले ते त्यांनाही कळलं नाही. चहा आला आणि गार झाला. कोट काढून ते स्वतःच तुकडे हातात द्यायला लागले आणि दोनदा चुकीचे दिले. आत्याबाई कोपऱ्यात बसून लेकाच्या बोटांकडं बघत होत्या, आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मलाही त्या क्षणी माझी चूक आठवली नाही. आपल्या घरातल्या माणसाचं काम बघून ऊर भरून येतो तो असा येतो.

तीन गाड्या पुऱ्या झाल्या, लॉरी हौद्यावाचून उभी राहिली. तिचा हौदा त्या अर्ध्या-अर्ध्या गाडीला होता. भावजींनी ती मोडायला हात घातला तसा बापूसाहेबांनी त्यांचा हात धरला.

"ही ऱ्हाऊ दे."

"सायब, ती चूक हाय."

"आसंल. पर गड्या, माज्या खेड्यांच्या वाटंवर माणसं चढत्यात ती गुळाच्या ढेपा घिऊन, कोंबड्या घिऊन, शेरडं घिऊन. टपावर टाकलं तर भांडणं, आत घेतलं तर मारामारी. निम्मी माणसं आन्‌ निम्मा माल! ह्ये माज्या डोक्यात कसं न्हाई आलं?" ते गाडी वळवून वळवून बघायला लागले. "खरीखुरी बांधशील?"

भावजींनी गाडी हातात घेतली. पुढून बघितली, मागून बघितली, वीत लावली. "मागं वजन पडंल. दोन पाटे जादा लागतील. आन्‌ हौद्याला मागनं दार." आणि गाडी खाली ठेवून, "व्हईल."

"मग सोमवारपास्नं सांगलीला ये."

एवढंच. आत्याबाईंनी उठून खंडोबापुढं डोकं टेकलं. मामंजी म्हणाले, माज्याच हातानं जुळवलीया ती. बापूसाहेब गेल्यावर मी भावजींच्या समोर जाऊन उभी राहिले. शिव्या खायची तयारी होती. पण त्यांनी हातावरचा सरस पुसत एवढंच म्हटलं, "वैनी, फुडच्या वर्सी गार पाण्यानं धुवा."

ती गाडी झाली आणि धावायला लागली. सांगलीहून खेड्यांत जायची, भरून यायची. भावजी पुढं हेड मिस्त्री झाले, दर शनिवारी घरी यायचे, पलटणीचं नाव कुणी काढलं नाही. गावात मी सांगत सुटले की ही गाडी माझी कल्पना. न विचारताच सांगायची. पाणवठ्यावर, लग्नात, मयतीलासुद्धा एकदा सांगितलं.

वर्षानं मला सांगलीला जायचं झालं तेव्हा मी मुद्दाम त्याच गाडीनं निघाले. नवं लुगडं नेसले होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, फुडं जागा न्हाई. मागं चला." मागं म्हणजे हौदा. तिथं गुळाच्या ढेपा होत्या, चार शेरडं होती, कोंबड्यांची खुराडी होती आणि माझ्यासारखीच सहासात माणसं होती. पहिल्या खड्ड्याला मी ढेपेवर आदळले. दुसऱ्याला शेरडू माझ्यावर आदळलं. ऊन डोक्यावर, धुरळा तोंडात. पलूस यायच्या आत माझ्या पदराचा काठ एका शेळीनं निम्मा खाल्ला होता.

"कुणी काढली रं ही आसली गाडी?" एक म्हातारा कंबर धरून ओरडला.

"कुणाच्या डोक्यातनं निघाली कुणास ठाऊक," दुसरा म्हणाला. "पर ज्याच्या डोक्यातनं निघाली त्याला एकदा हितं आणून बसवला पायजे."

हौद्यातल्या सगळ्यांनी होकार भरला. आणि सगळ्यांत मोठ्यांदा "व्हय, बसवलाच पायजे" असं जी बाई म्हणाली, ती मी.